बायोप्सीत ‘सर्टोली सेल ओन्ली’ आलंय, मायक्रो टेसे करावं का? (उत्तर जरा मोठं आहे)

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचं वय ३३, मिसेसचं ३१. वीर्यतपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा शुक्राणू शून्य. वीर्याचं प्रमाण २.५ मिली, एफएसएच (वृषणाला शुक्राणू बनवायचा हुकूम देणारं हार्मोन) १८, टेस्टोस्टेरॉन ३८०, सोनोग्राफीत दोन्ही वृषणं लहान. मग एका बाजूची बायोप्सी केली आणि रिपोर्टच्या शेवटी ‘सर्टोली सेल ओन्ली सिंड्रोम’ असं आलं. त्यावर एक डॉक्टर म्हणाले आता डोनरच, म्हणजे दुसऱ्या पुरुषाचे शुक्राणू; दुसऱ्या सेंटरवर म्हणाले मायक्रो टेसे (वृषण उघडून मायक्रोस्कोपखाली शुक्राणू शोधायचं ऑपरेशन) करून टाका, शुक्राणू शंभर टक्के मिळतील. आणि तुम्ही विचारताय की या दोघांत खरं कोण बोलतंय, शुक्राणू मिळालेच तर मूल होईल का, आणि झालं तर ते धडधाकट असेल का.

माझ्या मते दोघंही घाईत बोललेत. पण त्याआधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक जोडप्याच्या डोक्यात ती एकत्र मिसळलेली असते. ‘शुक्राणू मिळतील का’ हा एक प्रश्न आहे आणि ‘मिळाले तर बाळ होईल का’ हा दुसरा. बायोप्सी पहिल्या प्रश्नाबद्दल बरंच काही सांगते, पण पूर्ण नाही. दुसऱ्या प्रश्नाबद्दल ती फारच कमी सांगते. तुम्हाला दोन्हीकडून जे सांगितलं गेलं त्यात या दोन प्रश्नांची खिचडी झालीये.

आता रिपोर्टकडे या. वृषणात बारीक बारीक नलिका असतात, त्या नलिकांच्या भिंतीत शुक्राणू तयार होतात. भिंतीलगत स्पर्मॅटोगोनिया, त्यांच्यापासून स्पर्मॅटोसाइट, मग स्पर्मॅटिड आणि शेवटी शेपटीवाला शुक्राणू. या सगळ्या प्रवासाला साधारण ७४ दिवस लागतात, नंतर बाहेर यायला अजून काही दिवस, म्हणून आम्ही नेहमी तीन महिन्यांचा हिशोब धरतो. या पेशींना धरून ठेवणाऱ्या, पोसणाऱ्या पेशी म्हणजे सर्टोली पेशी. नलिकेत नुसत्या सर्टोली पेशीच आहेत आणि शुक्राणू बनवणारी एकही पेशी नाही, असं चित्र दिसलं की पॅथॉलॉजिस्ट ‘सर्टोली सेल ओन्ली’ लिहितो. शुक्राणू बनायला सुरुवात होते पण मध्येच एका टप्प्यावर गाडी अडते, त्याला मॅच्युरेशन अरेस्ट म्हणतात. सगळे टप्पे आहेत पण उत्पादन कमी, ते हायपोस्पर्मॅटोजेनेसिस. आणि नलिका पार कडक होऊन आत काहीच उरलेलं नसेल तर हायलिनायझेशन किंवा स्क्लेरोसिस. सगळं व्यवस्थित बनतंय पण वीर्यात येत नाही, असं असेल तर मार्गात अडथळा आहे, ती गोष्टच वेगळी, आणि तुमची ती दिसत नाही, कारण एफएसएच वाढलेला आहे आणि वृषणं लहान आहेत.

तुम्ही रिपोर्टचा वर्णनाचा भाग टाईप करून टाकलात हे फार बरं केलंत. त्यात लिहिलंय की बहुतेक नलिकांमध्ये फक्त सर्टोली पेशी, एक-दोन नलिकांमध्ये स्पर्मॅटोसाइट दिसतात, शुक्राणू दिसत नाहीत. आणि खाली निष्कर्षात मात्र ‘सर्टोली सेल ओन्ली’. आता तुम्हीच सांगा, स्पर्मॅटोसाइट दिसतात तर ‘ओन्ली’ कसं? हे मिश्र चित्र आहे, म्हणजे बहुतांश सर्टोली ओन्ली आणि कुठेकुठे अर्धवट काम चालू. निष्कर्षात पॅथॉलॉजिस्ट बहुतेक वेळा जे जास्त दिसलं तेच लिहितो, त्यात त्याची चूक आहे असं नाही, तशी पद्धतच आहे. पण आम्हाला ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवताना जास्त काय दिसलं यापेक्षा सगळ्यात पुढची पेशी कुठली दिसली हे महत्त्वाचं असतं. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव नलिका रिकाम्या असल्या तरी चालतील, उरलेल्या दोनमध्ये काय चाललंय त्यावर आमचं लक्ष असतं. म्हणून मी रिपोर्ट हातात घेतला की निष्कर्ष सगळ्यात शेवटी वाचतो, आणि बऱ्याचदा स्लाइड मागवून स्वतः आमच्या पॅथॉलॉजिस्टबरोबर बसून बघतो.

दुसरं म्हणजे तुकडा केवढा होता? एका वृषणातल्या सगळ्या नलिका सरळ करून जोडल्या तर काहीशे मीटर लांबी होते. बायोप्सीचा तुकडा असतो काही मिलिमीटरचा, एका ठिकाणचा, आणि तुमच्या बाबतीत एकाच बाजूचा. मोठ्या शेतात एका जागी कुदळ मारून माती कोरडी निघाली म्हणून सगळं शेत कोरडं म्हणता येत नाही, कुठेतरी बांधाजवळ ओल असू शकते. वृषणातलं काम असंच ठिगळाठिगळाने चाललेलं असतं, आणि नेमकं सर्टोली ओन्लीवाल्यांमध्ये हे ठिगळाचं प्रमाण जास्त असतं. म्हणून ‘बायोप्सीत नाही म्हणजे कुठेच नाही’ हे विधान मी कधी करत नाही. पण याचा उलटा अर्थही काढू नका. ओल असू शकते म्हणजे असेलच असं नाही, आणि ‘शंभर टक्के मिळतील’ म्हणणाऱ्याला तर मी एकच प्रश्न विचारीन की तुमच्याकडे मागच्या वर्षी सर्टोली ओन्लीच्या किती पेशंटांमध्ये मिळाले आणि किती जणांत नाही मिळाले. तुम्हीही विचारा. आकडा न देता नुसतं आश्वासन मिळालं तर तिथून सरळ उठा.

काही रिपोर्टांमध्ये जॉन्सन स्कोअर दिलेला असतो, तुमच्यात नाहीये पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या असेल म्हणून सांगतो. १९७० मध्ये जॉन्सन यांनी ही पद्धत मांडली, प्रत्येक नलिकेला १ ते १० गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. १० म्हणजे सगळं छान, ८ म्हणजे शुक्राणू आहेत पण थोडे, २ म्हणजे फक्त सर्टोली पेशी, १ म्हणजे नलिकेत कुठल्याच पेशी नाहीत. संशोधनासाठी पद्धत चांगली आहे, पण सरासरी फसवी असते. एखाद्याचा स्कोअर २.३ आला तर लोक म्हणतात संपलं, पण त्या २.३ मध्ये दोन-चार नलिका ८ गुणांच्या लपलेल्या असू शकतात. त्यामुळे सरासरीबरोबर सगळ्यात जास्त गुण कुठल्या नलिकेला मिळाले तेही लिहिलंय का ते बघायचं.

आणि तुकडा कशात घालून पाठवला हेही विचारून घ्या. वृषणाचा तुकडा साध्या फॉर्मॅलिनमध्ये टाकला की पेशी आकसतात, नलिकांच्या आतलं चित्र बिघडतं आणि स्पर्मॅटिड ओळखणं अवघड होतं. त्यासाठी बुइन्स सोल्युशन किंवा तसलंच दुसरं फिक्सेटिव्ह, म्हणजे पेशी जशाच्या तशा टिकवणारं द्रावण, वापरायचं असतं. नुसत्या दहा-पंधरा नलिका बघून दिलेला रिपोर्ट मी अर्धाच मानतो, शंभरच्या आसपास तरी बघायला हव्यात.

स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून बघून घ्यायचं अजून एक कारण आहे, आणि ते मुलाबाळांशी नाही तर तुमच्या तब्येतीशी संबंधित आहे. शुक्राणू कमी किंवा शून्य असलेल्या पुरुषांमध्ये वृषणाच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. फार जास्त नाही, घाबरू नका, पण जास्त असतं. त्या कॅन्सरच्या आधीची एक अवस्था नलिकांमध्येच दिसते, जर्म सेल निओप्लाझिया इन सिटू असं नाव आहे तिचं, आणि ती स्लाइडवर नुसत्या नजरेने सुटू शकते म्हणून गरज वाटली तर ऑक्ट थ्री-फोर किंवा प्लॅप अशी खास रंगाई करतात. ती उपचार न करता सोडली तर पाच वर्षांत जवळपास निम्म्या जणांत तिचा कॅन्सर होतो. म्हणून रिपोर्टमध्ये ‘निओप्लाझिया आढळला नाही’ असं स्पष्ट वाक्य असायला हवं. लहानपणी वृषण खाली उतरलेलं नव्हतं असा इतिहास असेल किंवा सोनोग्राफीत बारीक चुन्याचे ठिपके दिसले असतील तर विशेष.

आता मुख्य मुद्दा, जो तुम्हाला दोन्ही ठिकाणी कोणीच विचारलेला दिसत नाही. कॅरिओटाइप (सगळे क्रोमोसोम मोजून बघणं) आणि वाय क्रोमोसोम मायक्रोडिलीशन (वाय क्रोमोसोमचा एखादा बारीक तुकडा गळालाय का ते बघणं), या दोन रक्ततपासण्या झाल्यात का? तुमच्या पोस्टमध्ये उल्लेख नाही म्हणून मी नाही असं धरतोय. खरं तर या बायोप्सीच्याही आधी व्हायला हव्या होत्या. वाय क्रोमोसोमवर एझेडएफ नावाचा भाग असतो, त्याचे ए, बी, सी असे तुकडे. त्यातला ए पूर्ण गेला असेल तर बहुधा संपूर्ण सर्टोली ओन्ली असतं, बी पूर्ण गेला असेल तर बहुधा मॅच्युरेशन अरेस्ट, आणि या दोन्हींमध्ये ऑपरेशन करून शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळपास शून्य असते. तिथे मी मायक्रो टेसे करतच नाही, पेशंटने कितीही आग्रह केला तरी. नुसता सी गेला असेल तर मात्र साधारण निम्म्या लोकांत मिळतात, फक्त मुलगा झाला तर त्याच्यातही हीच उणीव जाणार आणि त्यालाही हाच त्रास होणार, हे आधी कळायला हवं. एक साधी रक्ततपासणी तुमचं एक अख्खं ऑपरेशन वाचवू शकते किंवा तुमची आशा वाढवू शकते, आणि तरी लोक ती शेवटी करतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

कॅरिओटाइपमध्ये क्लाइनफेल्टर म्हणजे ४७ एक्सएक्सवाय (एक एक्स क्रोमोसोम जास्तीचा) निघतं का ते बघायचं. शुक्राणू शून्य असलेल्या पुरुषांत साधारण दहातल्या एकात ते निघतं, बऱ्याच जणांना तोपर्यंत पत्ताच नसतो. वृषणं अगदी लहान, बायोप्सीत सगळीकडे कडक नलिका, रिपोर्ट वाचून वाटतं काहीच नाही, आणि तरी चांगल्या हातांत ४० ते ५० टक्के लोकांत शुक्राणू मिळतात. हे सांगायचं कारण म्हणजे वृषण लहान आहे किंवा एफएसएच जास्त आहे यावरून ‘मिळणार नाहीत’ असं ठरवता येत नाही. गंमत अशी की मॅच्युरेशन अरेस्टमध्ये कितीतरी वेळा एफएसएच नॉर्मल असतो, वृषणं भरलेली असतात, सगळे म्हणतात अडथळाच असणार, आणि तिथे शुक्राणू मिळणं उलट जास्त कठीण जातं.

मग तुमच्यासारख्या केसमध्ये शक्यता किती? सरसकट बघितलं तर अडथळा नसलेल्या अ‍ॅझूस्पर्मियात (वीर्यात शुक्राणू शून्य) ऑपरेशन करून ४० ते ५० टक्के पुरुषांत शुक्राणू मिळतात. हायपोस्पर्मॅटोजेनेसिस असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर. मॅच्युरेशन अरेस्टमध्ये साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे, त्यातही शेवटच्या टप्प्याला अडलेलं असेल तर बरं, सुरुवातीलाच अडलेलं असेल तर कठीण. सर्टोली ओन्लीमध्ये चारात एक ते तिघांत एक. तुमचं चित्र मिश्र आहे, कुठेकुठे स्पर्मॅटोसाइट आहेत, म्हणून जेनेटिक तपासण्या नॉर्मल आल्या तर मी तुम्हाला तिघांत एक किंवा थोडं बरं असं सांगेन. हे आकडे सेंटरप्रमाणे, सर्जनप्रमाणे आणि लॅबमध्ये कोण शोधतंय त्याप्रमाणे बदलतात. लहानपणी वृषण उतरवायचं ऑपरेशन झालं असेल तर शक्यता वाढते. केमोथेरपी झाली असेल तर कुठलं औषध आणि किती, त्यावर अवलंबून. हे तुम्ही लिहिलेलं नाही.

मायक्रो टेसे म्हणजे काय ते एका परिच्छेदात. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमधल्या पीटर श्लेगल यांनी १९९९ मध्ये ही पद्धत मांडली. वृषणाचं आवरण मधोमध उघडतात आणि १५ ते २५ पट मोठं दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली आतल्या नलिका एकेक भाग करून बघतात. ज्या नलिकेत काम चालू असतं ती जाडसर, पांढरट, अपारदर्शक दिसते, रिकामी नलिका बारीक आणि पिवळसर. जाड दिसली की तेवढीच उचलायची, शेजारी बसलेल्या एम्ब्रियॉलॉजिस्टकडे (लॅबमधली शुक्राणू-भ्रूण तज्ज्ञ) द्यायची, ती तिथल्या तिथे बारीक करून बघते आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगते. नाही म्हणाली की पुन्हा शोध, मग दुसरी बाजू. दीड-दोन तासांपासून चार तासांपर्यंत चालू शकतं. यातून तुमच्या लक्षात येईल की सर्टोली ओन्लीमध्ये मायक्रोस्कोपचा फायदा का होतो, बारीक नलिकांच्या गर्दीत जाड नलिका उठून दिसते. मॅच्युरेशन अरेस्टमध्ये सगळ्याच नलिका सारख्या गुटगुटीत दिसतात, तिथे निवड करायला काही उरत नाही, अंदाजानेच उचलावं लागतं. मायक्रोस्कोपशिवाय तुकडे काढायच्या साध्या टेसेपेक्षा मायक्रो टेसे खरंच सरस आहे का, यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही, काही एकत्रित अभ्यासांत दीडपट फायदा दिसतो तर २०१९ च्या एका मोठ्या विश्लेषणात दोन्हीत फरकच दिसला नाही. माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या ठिगळाच्या चित्रात मी मायक्रोच करतो, कारण कमी भाग काढावा लागतो आणि लहान वृषणात उरलेला प्रत्येक भाग टेस्टोस्टेरॉनसाठी हवा असतो. ऑपरेशननंतर टेस्टोस्टेरॉन उतरतं, बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात परत वर येतं, काहींचं येत नाही, म्हणून नंतर तपासत राहायचं, हे सांगणारे फार कमी भेटतात.

म्हणजे इथपर्यंत असं झालं की रिपोर्टचा निष्कर्ष ‘ओन्ली’ म्हणत असला तरी वर्णन तसं म्हणत नाही, जेनेटिक तपासणीशिवाय पुढे जायचं नाही, आणि ती नॉर्मल आली तर शुक्राणू मिळण्याची शक्यता तिघांत एकाच्या आसपास. आता दुसरा प्रश्न, मिळाले तर पुढे काय.

इथे मी लोकांना ब्रुसेल्सचा एक अभ्यास सांगतो, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. इक्सी, म्हणजे एका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईने सोडायची पद्धत, हीच मुळात ब्रुसेल्सची, १९९२ मध्ये तिथूनच पहिल्या गर्भधारणा जाहीर झाल्या. तर त्यांनी अडथळा नसलेल्या अ‍ॅझूस्पर्मियाच्या ७१४ पुरुषांचा शेवटपर्यंत माग काढला. शुक्राणू मिळाले साधारण ४० टक्के लोकांत. पण स्वतःचं मूल हातात आलं ते सातात एकाच्याच. शुक्राणू मिळाले म्हणजे अर्धी लढाई जिंकली असं सगळे समजतात, आणि सेंटरवाले जाहिरातीत पहिलाच आकडा देतात. तुम्ही निर्णय घेताना दुसरा आकडा समोर ठेवा. अर्थात त्या सातात एकमध्ये ज्यांना शुक्राणूच मिळाले नाहीत तेही धरलेत, आणि मिळूनही काही जणांनी मध्येच सोडून दिलं तेही. शुक्राणू मिळाल्यावर जे टिकून पुढच्या सायकल (इक्सीच्या फेऱ्या) करतात त्यांची शक्यता त्यापेक्षा बरीच चांगली असते.

गळती कुठे होते ते सांगतो. अशा वृषणातून काढलेल्या शुक्राणूंनी बीज फळण्याचं प्रमाण कमी असतं, अडथळा असलेल्या पुरुषांच्या शुक्राणूंपेक्षा स्पष्टपणे कमी. समजा दहा बीजं मिळाली, त्यातली आठ पक्व निघाली, चार फळली, त्यातून एखाद-दुसरा भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचला, तर मी म्हणेन ठीक गेलं. हे फक्त कल्पना यावी म्हणून, तुमचे आकडे वेगळे असतील. हलणारा शुक्राणू मिळाला तर काम सोपं होतं. सगळेच स्थिर असतील तर त्यातला जिवंत कुठला हे ओळखावं लागतं, त्यासाठी पेंटॉक्सिफायलिनसारखं द्रव्य घालून हालचाल होते का बघतात, किंवा पातळ द्रावणात टाकून शेपटी फुगते का ते बघतात. यात एम्ब्रियॉलॉजिस्टची चिकाटी कामाला येते, कधी कधी एका डिशवर तासन्‌तास बसून दोन-तीन शुक्राणू सापडतात आणि तेवढ्यावर सायकल होते.

आणि बायोप्सीचा प्रकार? एकदा पूर्ण बनलेला शुक्राणू हातात आला की तो सर्टोली ओन्लीतला आहे की हायपोस्पर्मॅटोजेनेसिसमधला, याने मूल होण्याच्या शक्यतेत फार मोठा फरक पडतो असं मला माझ्या कामात दिसलेलं नाही. काही अभ्यास मॅच्युरेशन अरेस्टमध्ये बीज फळणं कमी आणि गर्भपात जास्त असं दाखवतात, काहींत फरक येत नाही, म्हणून त्यावर मी ठाम बोलत नाही. ज्याच्यावर ठाम बोलतो ते म्हणजे मिसेसचं वय आणि बीजांचा साठा. ३१ वय ही तुमच्या बाजूची सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये तिच्याबद्दल वयाखेरीज एक शब्द नाही! एएमएच आणि फॉलिकल काउंट, म्हणजे बीजांचा साठा सांगणाऱ्या तपासण्या, आत्ताच करून घ्या, तुमचे रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका.

मूल धडधाकट असेल का? आतापर्यंतच्या माहितीनुसार वृषणातल्या शुक्राणूने झालेल्या मुलांमध्ये जन्मजात दोष हे नेहमीच्या इक्सीच्या मुलांपेक्षा ठळकपणे जास्त दिसलेले नाहीत. इक्सीत मुळात नैसर्गिक गर्भधारणेपेक्षा प्रमाण किंचित जास्त असतं, ते तुम्हालाही लागू. अशा शुक्राणूंमध्ये क्रोमोसोमची गडबड थोडी जास्त आढळते हेही खरं, म्हणून कॅरिओटाइपमध्ये काही निघालं तर भ्रूणाची जेनेटिक तपासणी करायची का यावर काउन्सेलरशी बोलावं. काहीच निघालं नाही तर मी ती तपासणी सगळ्यांना सरसकट सांगत नाही, आधीच भ्रूण मोजके असतात.

एक प्लॅनिंगचा मुद्दा, ज्यावरून घरात भांडणं होतात. मायक्रो टेसे आधी करून शुक्राणू गोठवायचे, की मिसेसची इंजेक्शनं चालू करून बीज काढायच्या दिवशीच किंवा आदल्या दिवशी करायचं? आधी केलं तर ‘नाही मिळाले’ हे तिची इंजेक्शनं आणि खर्च व्हायच्या आत कळतं. पण मोजकेच शुक्राणू मिळाले तर वितळवल्यावर त्यातले किती जगतील याचा भरवसा नसतो. भरपूर आणि हलणारे असतील तर गोठवलेले आणि ताजे यात फारसा फरक पडत नाही. तुमच्यासारख्या केसमध्ये, तिघांत दोघांना न मिळण्याची शक्यता असताना, मी आधी ऑपरेशन करून गोठवण्याच्या बाजूचा आहे, पण अट ही की त्या लॅबला अगदी थोडे शुक्राणू गोठवायचा सराव हवा. सराव नसेल तर त्याच दिवशी करा, आणि मग न मिळाल्यास बीजं गोठवून ठेवायची, की डोनर वापरायचा, की तिथेच थांबायचं, हे दोघांनी आधी घरी बसून ठरवा. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, एक जण गुंगीत आणि दुसरा रडत असताना, हा निर्णय होत नाही. आणि डोनर किंवा दत्तक यातलं काही आत्ता नको वाटत असेल तर नको, पण डोनर सुचवणारा पहिला डॉक्टर तुमचा शत्रू नाही, त्याने फक्त मधले टप्पे गाळले.

औषधांनी काही होईल का, हेही तुम्ही विचारलंय. एफएसएच १८ असताना वृषणाला वरून पुरेसा हुकूम मिळतोय, त्यामुळे एफएसएचची इंजेक्शनं देऊन फार काही होईल असं मला वाटत नाही. ज्यांचा एफएसएच आणि एलएच (वृषणाला हुकूम देणारं दुसरं हार्मोन) दोन्ही खूप कमी असतात त्यांना हार्मोनच्या इंजेक्शनांनी खरोखर शुक्राणू येतात, काही महिने ते दोन वर्षं लागतात, पण ते तुम्ही नाही. टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर ऑपरेशनआधी काही महिने क्लोमिफीन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी देण्याची पद्धत आहे, पुरावा कच्चा आहे, तुमचं ३८० आहे तर मी देणार नाही. अँटिऑक्सिडंटच्या पुड्यांनी रिकामी नलिका भरत नाही. आणि एक अगदी कळकळीचं, थकवा जातो किंवा बॉडी बनते म्हणून बाहेरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन कोणी देऊ केलं तर घेऊ नका, त्याने उरलंसुरलं उत्पादनही बंद पडतं. आधी जिममध्ये घेतलं असेल तर लाजू नका, डॉक्टरला सांगा, कारण मग सगळा हिशोबच बदलतो आणि काही महिने ते वर्षभर थांबून बघावं लागतं.

दुसऱ्या बाजूची बायोप्सी करू का, असं खाली कोणीतरी सुचवलंय. नुसतं निदान म्हणून परत कापू नका. जे काही करायचं ते मायक्रो टेसेच्या वेळी, शुक्राणू मिळाले तर तिथल्या तिथे गोठवायची सोय असलेल्या ठिकाणी, आणि त्याच वेळी एक तुकडा नीट फिक्सेटिव्हमध्ये पॅथॉलॉजीला. पहिल्या बायोप्सीनंतर आत सूज आणि रक्त साकळलेलं असतं, ते निवळायला निदान सहा महिने जाऊ द्या. तोवर स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही त्या लॅबकडून मागून घ्या, ते मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. वीर्याची अजून एक तपासणी करा, यावेळी नमुना सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात जोरात फिरवून) तळाचा गाळ नीट बघणाऱ्या लॅबमध्ये, कारण कधीकधी तिथेच दोन-चार शुक्राणू निघतात आणि ऑपरेशनची गरजच उरत नाही. मीसुद्धा ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एकदा नमुना बघतोच. जेनेटिकचे दोन रिपोर्ट आणि मिसेसचं एएमएच आलं की इथेच टाका, नाव आणि हॉस्पिटल झाकून, मग आकड्यांवर बोलू.